खोकला नव्हता ते बारा दिवस

आई गेल्यावर अडीच महिन्यांनी मी मुलुंडच्या वृद्धनिवासात परत गेले. तिच्या वस्तू सुबोधने, माझ्या धाकट्या भावाने, फेब्रुवारीतच आणल्या होत्या. मला तिच्या नोंदवह्या बघायच्या होत्या.

"तक्रार करायचीय का?" नलिनी सिस्टरनी विचारलं. त्या तिथल्या प्रमुख. तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई, समोरच्याच्या डोळ्यांकडे आधी आणि चपलांकडे नंतर बघणारी.

"नाही. समजून घ्यायचंय."

"ते जास्त त्रासाचं," त्या म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली शोधायला लागल्या.

आईला पार्किन्सन्स होता. शेवटच्या वर्षात हातांची थरथर घशात उतरली, म्हणजे गिळण्याचे स्नायू वेळेवर हलेनासे झाले. अशा माणसाला पातळ पदार्थ सर्वांत धोक्याचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं पाणी सोपं, पोळी कठीण. असतं उलट. पाणी इतकं झटकन घसरतं की घसा सावध व्हायच्या आत ते श्वासनलिकेत शिरतं आणि तिथून फुप्फुसात. म्हणून गिळण्याच्या तज्ज्ञ बाईंनी नियम घालून दिला होता. जे पातळ असेल ते पावडर घालून दाट करायचं आणि मगच द्यायचं. पाणी, चहा, दूध, ताक, आमटी, औषध. ही यादी आईच्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवलेली असायची. ती कुणी मोडलेली मी पाहिली नव्हती. तरी सात महिन्यांत आईला तीनदा न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्यात ती गेली. हॉस्पिटलच्या कागदावर कारण लिहिलं होतं, श्वासनलिकेत काहीतरी गेल्यामुळे.

काय गेलं, एवढाच माझा प्रश्न होता.

ही जागा मी सात ठिकाणं पाहून निवडली होती. प्रत्येक ठिकाणी मला हॉल, बाग, देवघर दाखवत. मी संडास बघायची. धरायला दांडा आहे का, दाराला आतून कडी आहे का, फरशी ओली आहे का. दुसरं बघायची ते जेवण भरवणारी बाई उभी आहे की बसलेली. उभी असेल तर तिला घाई आहे. मुलुंडला सुलक्षणा स्टूल ओढून बसली होती आणि एका आजोबांच्या तोंडातला घास संपेपर्यंत चमचा वाटीतच ठेवत होती. मी त्याच दिवशी फॉर्म भरला.

म्हणून वह्या उघडताना मला दोष शोधायचा नव्हता, असं मी म्हणेन. खरं तर मला काय हवं होतं ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

वह्या सुलक्षणाच्या हातच्या होत्या. दिवसाला एक पान. काय खाल्लं, किती खाल्लं, पोट साफ झालं का, कूस किती वाजता बदलली, खोकला आहे की नाही. अक्षर बाळबोध. मी ऑफिसच्या कोपऱ्यात बसून जुलैपासून वाचायला लागले. आईचे शेवटचे दिवस असे पानापानांतून उलटताना मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी रडू आलं. 'दोन घास जास्त खाल्ले. गाणं म्हणत होत्या,' असं सोळा ऑगस्टला लिहिलं होतं. कुठलं गाणं, ते नव्हतं.

खोकल्याच्या रकान्यात जवळजवळ रोज 'आहे' होतं. मधूनच एखादं 'नाही.' नोव्हेंबरवर आले आणि थांबले. नऊ तारखेपासून वीस तारखेपर्यंत सलग 'नाही.' एकवीसला पुन्हा 'आहे.'

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चाळीस झाडं कोमेजली आणि मधलीच एक ओळ हिरवी राहिली, तर आपण कोमेजलेल्या झाडांकडे बघत बसत नाही. त्या ओळीत काय वेगळं होतं, ते विचारतो.

मी नलिनी सिस्टरना पान दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, पुढची पानं उलटली, मागची उलटली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"पावडरचा डबा बदलला असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी बिलं काढली. डबा तोच होता, कंपनी तीच.

"स्वयंपाकीण?"

"तीच."

"सुलक्षणा रजेवर?"

"अक्षर तिचंच आहे की."

गोळ्या बदलल्या नव्हत्या, खोली बदलली नव्हती, पलंगही नाही. हवा म्हणावी तर नोव्हेंबर मुलुंडला सगळीकडे सारखाच. सिस्टरनी बिलं परत फायलीत लावली. मग म्हणाल्या, "हे मला आधी दिसायला हवं होतं. आम्ही रोज लिहितो आणि कपाटात ठेवतो. सलग कोण वाचतंय?"

मग त्यांनी मला नाडकर्णींबद्दल सांगितलं. श्यामसुंदर नाडकर्णी, टपाल खात्यातून निवृत्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डिसेंबरात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. जानेवारीत इथे आले. त्यांच्याही डोक्याशी तीच यादी. सुलक्षणा त्यांचंही सगळं दाट करूनच देई. मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते थोडक्यात वाचले.

"आणि खोकला?" मी विचारलं.

"रोज," सिस्टर म्हणाल्या.

रात्री सुबोधचा बोरिवलीहून फोन आला. "ताई, सोड ना आता. एक्याऐंशीची होती ती."

"एक्याऐंशी हे वय आहे. कारण नाही."

"झालं तुझं सुरू. समजा सापडलं कारण. मग काय करणारेस?"

"तिथे अजून एक माणूस आहे. आईसारखाच खोकतोय."

"सुट्टी लागली ना तुला कॉलेजला?" तो म्हणाला. "मग जा. पण जेवून जात जा. तुला नाद लागला की खायची शुद्ध राहत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी हॉलमध्ये नाडकर्णींपासून चार हातांवर खुर्ची टाकून वही घेऊन बसले. सिस्टरनी त्यांच्या मुलाला फोन करून परवानगी घेतली होती. ठरवलं होतं की नाडकर्णींच्या तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहायचं.

नाडकर्णींना एकच शब्द उरला होता, 'बरोबर.' तो ते निरनिराळ्या चालीत म्हणत. नको म्हणजे खाली पडणारा 'बरोबर', हवं म्हणजे लांबलेला, आणि माझ्याकडे बघून जो म्हणाले त्यात सरळ प्रश्न होता, ही बाई कोण.

"ह्या नीलाआज्जींची मुलगी," सुलक्षणाने त्यांना सांगितलं. "तुमचा खोकला बघूक इल्यात. पोलिसात जायच्या होत्या, चुकून कॉलेजात गेल्या."

"बरोबर," नाडकर्णी म्हणाले. हा बहुधा होकार होता.

मी सगळं पाहिलं. दात घासल्यावर चूळ नाही. सुलक्षणा बोटाला ओला कपडा गुंडाळून तोंड पुसून घेई. चहा कपात ओतला की मापाने पावडर, मग ढवळणं, मग घड्याळाकडे बघून थांबणं. चमचा वर उचलून ती धार बघे.

"मधासारखा पडूक व्हया असा त्या बाई सांगून गेल्या," ती म्हणाली. "आमच्या घरात मध कोणी बघलोहा? माका पेज कळता. पेजेसारखा झाला की बास."

तिची पेज मी दोनदा मापून पाहिली. ती बरोबर होती.

आठ वाजता आरती. हॉलच्या एका भिंतीला काचेची दारं असलेलं छोटं कपाट होतं, त्यात देव. पूजा धोंडूकाका करत. धोंडू घाडी, चौऱ्याऐंशी वर्षांचे, देवगडकडचे, परळच्या मिलमध्ये सदतीस वर्षं. देव त्यांचेच, गावच्या घरून आणलेले. आरती झाली की काठी टेकत ते खुर्च्यांमधून फिरत, कुणाला तीर्थ, कुणाला फूल, कुणाला नुसतं "काय गो, झोप लागली?" विचारत. मलाही विचारलं. आईबद्दल म्हणाले, तुझी आवस चांगली बाई होती. मी मान हलवली.

पावणेनऊला उपमा. पण खोकला त्याच्या आधीच आला, आठ वीसला. ओला, खोलवरचा, आईसारखा. दुसऱ्या दिवशी आठ एकोणीसला. तिसऱ्या दिवशी आठ वीसला.

आधीचा चहा साडेसातचा. पन्नास मिनिटांनी त्याचा ठसका लागेल हे पटत नव्हतं. मग मला उदबत्ती आठवली. धूर, कापूर, बंद हॉल. मला स्वतःलाच खाकरायला होत होतं. मी सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी धोंडूकाकांना.

"उदबत्तीशिवाय आरती म्हंजे मिठाशिवाय कालवण," ते म्हणाले. तरी एक दिवस करून बघतो म्हणाले. चौथ्या दिवशी उदबत्ती नाही, कापूर नाही, खिडक्या उघड्या. मी घड्याळ हातात धरून बसले.

आठ एकवीस.

"गेला तुमचा धूर," सुलक्षणा म्हणाली.

दुपारी ती मागच्या ओट्यावर वालपापडी मोडायला बसली, तिथे मी गेले. कामाला हात लावला की ती मोकळी बोलते हे मला एव्हाना कळलं होतं. मी शिरा काढत तिला पुन्हा नोव्हेंबरबद्दल विचारलं. काहीही चालेल म्हटलं. नळ बंद होता, लिफ्ट बंद होती, कुणी भांडलं.

"तसा काय नाय हो." तिने बराच वेळ आठवलं. "देव बंद होतो तेव्हा. तेवढाच."

"म्हणजे?"

"काकांका सुतक होता. गावाक चुलतभाऊ गेलो. भावकीतला सुतक, मग ते देवांक हात लावनत नाय ना. देव त्यांचे, दुसऱ्यान कसा करूचा? बारा दिवस कपाटच उघडूक नाय. मगे तेराव्या दिवशी मीच काच पुसून दिलंय."

"तारीख?"

तिला आठवत नव्हती. बाहेरून येणाऱ्या फोनची वही ऑफिसात असते. त्यात आठ नोव्हेंबर, संध्याकाळ, 'नितेश, घाडीकाकांचा पुतण्या. गावी निधन.' असं लिहिलेलं होतं.

मी ऑफिसात उभी राहून माझी चार दिवसांची वही उघडली. चहा दाट, पाणी दाट, गोळी केळ्यातून, उपमा, ताक दाट. वेळा मिनिटापर्यंत. त्यात तीर्थ कुठेही नव्हतं. चारही सकाळी धोंडूकाका नाडकर्णींसमोर थांबले होते. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं, आणि नाडकर्णींचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हातावर घ्यायला ते तयार नसत. म्हणून काका पळी थेट त्यांच्या तोंडात रिकामी करत. हे मी चार हातांवरून पाहिलं होतं. माझ्या पुढे केलेल्या हातावरही तीर्थ पडलं होतं, मी ते प्यायले होते, ओला हात डोक्यावरून फिरवला होता आणि पेन उचलून पुढची नोंद केली होती.

नलिनी सिस्टर दारात आल्या. मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि आठ ते आठ वीसमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. त्यांना समजायला अर्धा मिनिट लागला.

"मी चूळ बंद केली," त्या हळूच म्हणाल्या. "ओठांना बर्फ लावणं बंद केलं. मुलगा शहाळं घेऊन आला तर दारातून परत पाठवते. आणि हे रोज माझ्यासमोर, सहा वर्षं." त्या खाली बसल्या. "मीही घेते हो रोज. पाणी आहे ते, असं कधी मनातच आलं नाही."

आईच्या हातावर तीर्थ ठरत नसे, सांडायचं. तिच्या मनाला ते फार लागे. म्हणून काकांनी तिलाही पळीने तोंडात द्यायला सुरुवात केली होती. रविवारी मी असले की तिची हनुवटी मी वर उचलून धरायची आणि म्हणायची, आई, आ कर. मान अशी मागे गेली की श्वासनलिकेचं तोंड उघडं राहतं. हे मी आता वाचलं आहे.

सिस्टरनी गिळण्याच्या तज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शक्य आहे, म्हणाल्या. सिद्ध होणार नाही. अशा माणसाची स्वतःची लाळसुद्धा चुकीच्या वाटेने जाते. पण रोज पळीभर पाणी, तेही मान वर करून, हे बंद करा. आजच.

"उद्यापासून तीर्थ बंद," सिस्टर फोन ठेवून म्हणाल्या. "साथ आलीय म्हणून सांगते. संसर्ग."

"ते ऐकतील?"

"ऐकतील. मला घाबरतात."

"साथ महिन्याने संपेल. मग? आणि तुमची पाठ वळली की एका पळीने काय होतंय म्हणून देतीलच ना. नाडकर्णी तोंड उघडून बसतील आणि ते नाही म्हणतील?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "खरं कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, कळतंय ना? चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला?"

कळत होतं. मी म्हटलं, मी सांगते. त्या म्हणाल्या, तुम्ही तर मुळीच नको. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, की बहुतेक तुम्हीच.

धोंडूकाका आवारात बहाव्याखालच्या बाकावर बसले होते. झाड पिवळं होऊन गेलं होतं. त्यांनी पाकळ्या हाताने झटकून मला जागा केली.

"बस गो चेडवा. गावला काय तुका?"

मी सगळं क्रमाने सांगितलं. घसा कसा चालतो, पाणी का धोक्याचं, नोव्हेंबरचे बारा दिवस, आठ वीसचा खोकला. ते काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मध्ये एकदाही काही विचारलं नाही. मी संपवलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे तुझ्या आवशीक माझ्या पळीन मारल्यान."

नाही म्हणणं सोपं होतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंही. पण मग नाडकर्णींची पळी थांबवायला कारण उरलं नसतं.

"ठाऊक नाही, काका. कुणालाच कळणार नाही. तिची लाळही जात असेल. पण ते बारा दिवस ती खोकली नाही, एवढं खरं आहे." आणि मग मी त्यांना हनुवटीचं सांगितलं. ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, सुबोधलाही नाही.

त्यांनी समोरच्या गेटकडे पाहिलं. वॉचमन पाण्याचा पाइप गुंडाळत होता.

"मिलीत कापूस उडायचो," ते म्हणाले. "पांढरो, मऊ. नाकात, केसांत, डब्यात. धूर होता तेका आमी धूर म्हणायचे, शिमिट होता तेका धूळ. कापसाक कोणी धूळ म्हणूक नाय. वातीचो कापूस तो. तेची कसली भीती? माझ्या खात्यातले अर्धे लोक तेच्याच खोकल्यान गेले." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तेव्हा डाक्टरान सांगल्यान, तरी आमका राग इलो. डाक्टराचो."

"माझा आलाय?"

"येतलो," ते म्हणाले. "वायच वेळ दे."

उठताना त्यांनी माझा हात धरला नाही, काठीच धरली. मला ते ठीक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला येतील की नाही, याची सुलक्षणालाही खात्री नव्हती. रात्री जेवले नाहीत, म्हणाली. पण आठला पाच कमी असताना काका आले. कपाट उघडलं, देव पुसले, उदबत्ती लावली. आरती नेहमीपेक्षा थोडी हळू झाली. मग पंचपात्री आणि पळी घेऊन फिरायला लागले. पहिल्या खुर्चीतल्या माणिकताईंना दिलं, त्यांच्या शेजारच्यांना दिलं. नाडकर्णींसमोर आले आणि थांबले.

नाडकर्णींनी नेहमीप्रमाणे मान मागे टाकून तोंड उघडलं.

"श्यामराव, आज तोंडात नाय," काका म्हणाले. "आज डोळ्यांक लावया."

तोंड उघडंच राहिलं. काकांनी ओली बोटं त्यांच्या पापण्यांकडे नेली, तशी नाडकर्णींनी डाव्या हाताने ती झटकली. "बरोबर," ते ओरडले. "बरोबर. बरोबर." सगळ्यांना मिळालं आणि मला का नाही, हे एवढ्या स्पष्टपणे मी पूर्ण वाक्यातही ऐकलेलं नाही. काकांनी सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला दिसलं की अजून अर्धा मिनिट गेला तर ते पळी भरतील.

"थांबा काका," नलिनी सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुलक्षणाचं स्टूल ओढलं आणि नाडकर्णींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "चुकलं आमचं. आम्ही सगळ्यांशी बोललो, तुमच्या मुलाशीसुद्धा, आणि तुम्हाला विचारलंच नाही. घसा तुमचा आहे."

मग त्यांनी त्यांना सांगितलं. मी काकांना सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत आणि जास्त चांगलं. मार्चमधलं हॉस्पिटल आठवतंय का, नाकातली नळी आठवतेय का, विचारलं. नाडकर्णी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरची शीर हळूहळू बसली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "हे सगळं ऐकूनही तुम्हाला तोंडातच हवं असेल, तर सुलक्षणा त्यात पावडर घालेल. काकांची हरकत नसेल तर."

"तीर्थात पीठ?" माणिकताई म्हणाल्या.

"पंचामृत काय पातळ असता?" सुलक्षणा म्हणाली.

"गप रवा गो दोघी. तेंका ठरवू दे," काका म्हणाले.

नाडकर्णींनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, मांडीवरून उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर पालथा ठेवला. पुन्हा धरून उलटा केला. बोटं मिटलेली होती, ती त्यांनी एकेक करून उघडली. एवढ्याला त्यांना इतका वेळ लागला की मागच्या रांगेतल्या दोघी उठून आपल्या खोलीत गेल्या. तळवा वर झाल्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले.

काकांनी त्या तळव्यावर चार थेंब घातले. नाडकर्णींनी डाव्या हाताने तो हात उचलून कपाळापर्यंत नेला, आणि पाणी भुवईवरून गालावर उतरलं. ते कुणी पुसलं नाही.

मी घड्याळ बघत होते, हे कबूल करते. आठ वीस झाले, बावीस झाले, पंचवीस झाले. सुलक्षणाने दाट केलेलं पाणी आणलं. एका सकाळीवरून काही ठरत नाही. किमान बारा तरी हव्यात. मी तसं वहीत लिहिलं.

उपमा झाल्यावर सिस्टर जाड पेन घेऊन आल्या आणि नाडकर्णींच्या पलंगाजवळची यादी त्यांनी हॉलमध्येच टेबलावर पसरली. 'औषध'च्या खाली त्यांनी 'तीर्थ' लिहिलं. मग पेन हवेत धरून सगळ्यांकडे पाहिलं. "आणखी काय आहे? जे आपण पाणी म्हणत नाही आणि तोंडात जातं?"

कुणीतरी म्हणालं, नारळ फोडल्यावरचं. घोट घोट सगळ्यांना वाटतात. सिस्टरनी लिहिलं. गुरुवारी एक बाई मठातून अंगाऱ्याचं पाणी आणते, ते. उसाचा रस. आइस्क्रीम, माणिकताई म्हणाल्या, ते दिसतं घट्ट पण तोंडात काय राहतं? सुलक्षणा जरा अडखळत म्हणाली, कलिंगड. परवाच दिलं होतं. सिस्टरनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि तेही लिहिलं. यादी आता मूळच्या दुप्पट झाली होती आणि प्रत्येकाला आणखी काहीतरी आठवत होतं. मीही दोन गोष्टी सुचवल्या. मला त्या कामाची गोडी लागली होती, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

"आणि शेवटाचा?" धोंडूकाकांनी विचारलं. "गंगाजल? ता चलता की ता पण बंद?"

हॉस्पिटलात आईच्या तोंडात ते मीच घातलं होतं, चमचाभर, आणि तिथे कुणी हरकत घेतली नव्हती.

नलिनी सिस्टरनी पेनाचं टोपण लावलं. "ते चालेल," त्या म्हणाल्या. "त्याला पावडर नको."

नाडकर्णींच्या घशातून आवाज आला, खरखरीत, तुटक. सुलक्षणा ताडकन उठली, सिस्टर वळल्या, माझा हात वहीकडे गेला. काका काठी टाकून त्यांच्यावर वाकले.

ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, एक डोळा मिटून, खांदा हलवत. काकांना ते कळायला वेळ लागला. मग तेही खुर्चीचा दांडा धरून हसायला लागले, आणि सुलक्षणा दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा ह्यांच्या आणि एकदा त्यांच्या छातीकडे कान देऊन ऐकत राहिली.